हिवाची वाट

सगळीकडे लोक हिवाला शिव्या देतात.
आमच्या पठारावर जून लागला
की त्याला पाहुण्यासारखं बोलवावं लागतं.

बटाटे काढून झालेत.
मोठे खायला, मधले बियाण्याला,
आणि हे कडवट, अक्रोडाएवढे,
नुसते उकडले तर जिभेला पीळ पाडणारे,
हे हिवासाठी.
तळ्याकडच्या सपाटीवर गवत पसरून
मी ते अंथरले, एकावर एक न येतील असे,
एउलालिया अंथरायची तसे.
निदान मला वाटतं, तसे.

ती सांगायची, मी तुडवायचो.
बत्तीस वर्षं आमची एवढीच वाटणी.
पहाटे एक बटाटा उचलून
ती कानाशी धरायची, अंगठ्यानं दाबायची
आणि म्हणायची, अजून एक रात्र.
किंवा म्हणायची, आज.
काय ऐकतेस, मी एकदा विचारलं.
म्हणाली, तू जोडे काढ.

पहिल्या रात्री ढग आले.
दुसऱ्या रात्री वारा सुटला, गवत उडालं,
मी अंधारात बटाटे चाचपत बसलो.
तिसऱ्या रात्री भिंतीपलीकडून कालिस्ता ओरडली,
चांदण्या थरथरतायत, मेलितोन, झोप आता,
आज काही येत नाही तो.

मुलाचा फोन आला, आंतोफागास्ताहून.
बाबा, बाजारात तयार पोतं मिळतं,
कशाला हाडं गोठवता? पैसे पाठवतो.
मी म्हटलं, पाठव.
पैसे लागतातच.

मग चौथ्या रात्री
लामा पाय पोटाशी घेऊन एकमेकींना चिकटून बसल्या,
एकीनंही मान वर केली नाही.
बादलीतल्या पाण्यानं आधी कड धरली, मग मध्य.
चांदण्या अशा स्थिर, जणू कुणी खिळे ठोकलेत.
उजाडताना एक बटाटा दुसऱ्यावर टाकला:
टक्.
गोटीवर गोटी आपटावी तसा.

अशा तीन रात्री मिळाल्या.
दिवसा ऊन त्यांना सैल करी,
रात्र पुन्हा आवळी.
चौथ्या सकाळी एक उचलून कानाशी धरला,
दाबला.
काहीच ऐकू आलं नाही.
दुसरा घेतला. तिसरा.
चौथ्यात कुठेतरी पाणी हललं,
की माझ्याच कानात रक्त, देव जाणे.
आजूबाजूला कुणी नव्हतं तरी
मोठ्यानं म्हटलं, आज.
आणि जोडे काढले.

बोटांच्या फटींतून गार पाणी वर येतं,
सालं सुटून टाचेला चिकटतात.
घोट्यापर्यंतचा पाय आपला राहत नाही.
ढीग सारखा करायचा, पुन्हा चढायचं.
मग उन्हात टाकायचे, दिवसामागून दिवस,
वाळून काळे, हलके, खडखडीत होईपर्यंत.
मग त्यांना बटाटा म्हणत नाहीत,
चुन्यो म्हणतात.
ओल लागली नाही, तर माणसापेक्षा जास्त टिकतात.

नवं पोतं ठेवायला कोठीत गेलो
तर कोपऱ्यात जुनं. सात वर्षांपूर्वीचं.
तोंडाला तिची गाठ, लाल लोकरीची,
आत मुन्याची पानं, चुरा झालेली,
वास मात्र अजून शाबूत.
मी ते हातात घेऊन बराच वेळ बसलो,
मनात म्हटलं, हे राहू दे, तिच्या हातचं.
मग आठवलं: तुडवले तर मीच होते.
पाय माझेच होते.
तिचं त्यात काय होतं?
एक ‘आज’.
कधी म्हणायचं ते, एवढंच.
सात वर्षं ते या अंधारात
न कुजता पडून आहे.

ती असती तर हसली असती.
खायची वस्तू आहे, देव्हारा नाही.

दोन मुठी पाण्यात टाकल्या.
रात्रभर त्या फुगत राहिल्या.
सकाळी रस्सा केला, थोडं सुकं मांस, मीठ,
भिंतीवरून एक वाडगा कालिस्ताला दिला.
तिनं एक चावला, थांबली,
माझ्याकडे न बघता म्हणाली,
हे तिचे.
मग वाडगा पुसून परत देताना,
आणि यंदाचे? बरे जमले का तुला?

म्हटलं, सात वर्षांनी विचार.